हेरेकर सरांचा दुसरा गिअर

"सर, तुमची गाडी मरणार कधी?"

भरल्या वर्गात, उभी राहून, खणखणीत आवाजात मी हे विचारलं. हेरेकर सर फळ्यावर वर्तुळ काढत होते. ते अर्धंच राहिलं. मागच्या बाकावरून प्रणोतीनं माझी वेणी ओढली, म्हणजे शाबास. शेजारी विजू दप्तरात तोंड खुपसून हसत होती. पैज या दोघींनीच लावली होती. प्रश्न जसाच्या तसा विचारायचा, 'बंद पडणार' म्हणून सुटका करून घ्यायची नाही, 'मरणार'च म्हणायचं. विचारला तर स्टँडवरची मिसळ, जादा पावासकट.

सर सावकाश वळले. खडू टेबलावर ठेवला. चष्म्यातून माझ्याकडं बघितलं.

"का गं मृदुला? तेराव्याला यायचंय?"

अख्खा वर्ग खिदळला. सर मात्र हसले नाहीत. "रविवारपर्यंत तरी जगू दे बिचारीला," ते म्हणाले. "सावंतवाडीला मुलीचं डोहाळजेवण आहे. आंबोली घाट उतरून जायचंय, परत चढून यायचंय, आणि मागं आमच्या बाई असणार. नंतर मेली तर तुला कळवतो. बस खाली."

मी बसले. मिसळ जिंकली होती. पण माझ्या डोक्यात मिसळ नव्हती, आंबोली घाट होता.

मी आता बारावीत आहे आणि आता माझं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात. पण आठवीपर्यंत माझा आवाज वर्गानं फक्त हजेरीला ऐकला होता, तोही दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर. नववीत मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि माझं नशीबच फिरलं.

आमची शाळा आजऱ्यात, टेकाडावर. खाली नदीचा पूल, पुलापासून वर शाळेपर्यंत चांगला दमवणारा चढ. हेरेकर सर आमचे वर्गशिक्षक, शिकवायचे गणित. त्यांच्या पत्नी बालवाडीच्या बाई. त्यांना आधी तिथं सोडून यावं लागायचं, म्हणून सरांची प्रार्थना रोज चुकायची. प्रार्थना संपल्यापासून सर येईपर्यंतचा वेळ सगळा आमचा. त्या वेळात गृहपाठ एका वहीतून दुसऱ्या वहीत जायचे, डब्यातली पोळी संपायची, आणि विजू टेबलावर चढून आदल्या दिवशीच्या वरातीतला नाच करून दाखवायची.

हे सगळं सुखरूप चालायचं ते सरांच्या मोटरसायकलमुळं. ती गाडी सरांच्या मुलीएवढीच जुनी होती. टाकीचा मूळ रंग कोणता, यावर वर्गात दोन तट होते. मीटरचे आकडे नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत जाऊन, पूर्ण फिरून, पुन्हा पहिल्यापासून लागले होते. त्यामुळं मीटर बघाल तर गाडी जवळजवळ नवी. आवाज ऐकाल तर मात्र भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखं वाटायचं. टिकटिकटिकटिक. पूल ओलांडायच्या आधीच मला ऐकू यायचं. मी नुसतं "आले!" म्हणायची, आणि सर चढ चढून येईपर्यंत वह्या मालकिणींकडं, विजू बाकावर, आणि वर्गात देवळातली शांतता. इतर मुलींना चढावर आल्यावर ऐकू यायचं, मला पुलापलीकडून. म्हणून मी वर्गाची रडार. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी हवी होते.

माझा कान असा का, ते मला माहीत होतं. बाबा लेडीज टेलर. 'शिंत्रे लेडीज टेलर', बाजारपेठेत. त्यांनी ब्लाऊज शिवायला घेतले तेव्हा आजोबा बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते म्हणे. बाबा आत जेवत बसलेले असले आणि बाहेर कारागीर मशीन चालवत असला, तरी घास थांबवून म्हणतील, "अरे, बॉबिनमध्ये दोरा गुंतलाय, थांब." आणि गुंतलेला असतो! तोच कान मला आलाय.

आणि त्या कानानं आठवडाभर मला एक गोष्ट सांगितली होती. टिकटिकच्या खाली दुसरा आवाज आला होता. जड. ठक्. चढाच्या मध्यावर यायचा आणि वर सपाटीला गाडी आली की जायचा. 'मरणार कधी' हे मी मिसळीसाठी विचारलं, हे खरंच. पण थोडं मला खरंच विचारायचं होतं.

शाळा सुटल्यावर मी सरांना गाडीपाशी गाठलं.

"सर, तिच्यात आता दोन आवाज आहेत."

"असू देत. एकटीला कंटाळा येत असेल."

"चेष्टा नाही सर. दुसरा खालून येतोय. घाटात नेऊ नका."

सरांनी टाकीवर हात ठेवला. "शौकतकडं टाकणारच आहे आज," ते म्हणाले. "त्याला सांग तुझं निदान."

शौकतचाचांचं गॅरेज बाबांच्या दुकानाच्या बरोबर समोर. चाचा म्हणजे ढेरीवर ताणलेला बनियन, कानावर पेन्सिल आणि स्वतःवर अपार विश्वास. गाडी बघताच ते ओरडले, "काय मास्तर! आज तयार झाला व्हय टापेटची ही टिकटिक घालवायला? दर खेपंला म्हनतोय आवळून देतो, तर तुमचं आपलं 'राहू दे, राहू दे'!"

"आता प्रवास आहे ना," सर म्हणाले आणि का कोण जाणे, जरा खट्टू झाले.

चाचांनी गाडी स्टँडवर चढवली, चालू केली, आणि एक हातभर लांब पेचकस घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानाला. डोळे मिटून ऐकलं. "टापेट," त्यांनी निकाल दिला.

"मी ऐकू?"

"तू? जा, बाच्या दुकानात काज-बटन कर जा."

पण पेचकस त्यांनी दिला. मी मूठ कानाला लावली, आणि काय सांगू! इंजिनाच्या आत अख्खा बाजार भरला होता. वर डोक्यापाशी टिकटिक, जणू दहा बायका एकदम अडकित्त्यानं सुपारी कातरतायत. बाजूला साखळीची बारीक खळखळ. मधे पिस्टनची झुकझुक, दमदार, एका लयीत. मी टोक खाली सरकवलं. ठक् शोधला. खाली सामसूम.

"हाय का काय?" चाचांनी विचारलं.

"आत्ता नाही. पण चढावर असतो."

"चढावर असतोय!" चाचा सरांकडं बघून डोळे मिचकावत म्हणाले. "भूत हाय मास्तर, पुलाजवळचं."

मग त्यांनी वरचं झाकण काढलं, पातळ पत्ती घालून फट मापली, आवळलं, ढिलं केलं, परत आवळलं. गाडी चालू केली तर मशीनला तेल दिल्यासारखी गुळगुळीत. टिकटिक साफ गेली. रस्त्यापलीकडून, गळ्यात मापाची टेप घातलेले बाबा ओरडले, "मृदुला! तोंड बघ आरशात! काळं झालंय!"

मी बघितलं. कानापासून गालापर्यंत ग्रीस. खोटं कशाला बोलू, मला छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी अनर्थ झाला. प्रार्थना झाली, विजू टेबलावर चढली. मी कान पुलाकडं लावून बसले. टिकटिक येईना. आली ती एकदम चढाच्या मध्यावरून, आणि टिकटिक नव्हेच. नुसता ठक्, ठक्, ठक्. वरचा गोंगाट गेल्यामुळं तो आता एकटाच, स्वच्छ ऐकू येत होता. मी इतकी रंगून ऐकत राहिले की "आले!" म्हणायचंच राहिलं.

दारात सर. टेबलावर विजू, एक हात कमरेवर, एक हात आकाशात.

आता सांगते ते विचित्र आहे. विजूपेक्षा सरच जास्त दचकले. त्यांनी चटकन आपल्या चपलांकडं बघितलं, मागं वळले, व्हरांड्यात गेले, आणि तिथं उभं राहून मोठमोठ्यांदा खोकले. भरपूर खोकले. मग आत आले. तोवर विजू बाकावर वही उघडून बसली होती. उलटी.

"काल कुठवर आलो होतो?" सर म्हणाले.

मधल्या सुट्टीत प्रणोतीनं मला नळापाशी कोंडीत धरलं.

"तुला कुणी सांगितलं हुतं गं गाडी नीट करायला?"

"अगं पण ती नीट झालेलीच नाही. खालून..."

"खालून न्हाई आणि वरून न्हाई! आता गप बसायचं. तू बोलायला लागलीस की सर विचारणार, तुला कसं कळतंय? मग काय सांगणार? आम्ही रोज पाळत ठेवतो म्हणून? विजूचा रोजचा नाच, वह्या, समदं बाहेर."

"माझे पाय मोडतील गं सर," विजू म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

मी शपथ घेतली. नळाची. जवळ तेवढंच होतं.

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर मी बाबांच्या दुकानात आले, तर समोर गॅरेजात सर हवा भरून घेत होते. मागच्या सीटला बाईंसाठी नवी गादी बांधली होती. हँडलला पिशवी, पिशवीत हिरव्या बांगड्यांचा पुडा. नेमकी तेव्हाच प्रणोती युनिफॉर्मची बाही सैल करून घ्यायला आमच्या दुकानात उभी, आणि बाबा तिच्या दंडाचं माप घेत होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं. तिनं मान हलवली, नको म्हणून.

मी रस्ता ओलांडला.

"सर, उद्या जाऊ नका गाडीनं. तो आवाज वाढलाय."

"आली भूतवाली!" चाचा म्हणाले. "ए पोरी, तुज्या बाचं लगीन व्हायच्या आधीपास्नं मी इंजिनं उघडतोय. कुटं हाय आवाज? दाव."

"इथं नाही चाचा. चढावर."

"चढावर. बरं. चढावर गाडी येती तवा तू कुटं असतीस?"

"वर्गात."

"वर्गात!" चाचांनी पाना खाली ठेवला आणि वकिलासारखे कमरेवर हात घेतले. "मग वर्गात बसून, अभ्यास सोडून, पुलाकडं कान लावून तू करतीस तरी काय?"

सर माझ्याकडं बघत होते. पलीकडं प्रणोती एक हात बाबांच्या टेपेत अडकलेला, दुसऱ्या हातानं गळा कापल्याची खूण करत होती. मला विजूचे डोळे आठवले. मग ती मागच्या सीटवरची गादी दिसली. जाड, फुलाफुलांची, सुतळीनं नीट बांधलेली.

"आम्ही तुमची वाट ऐकतो सर," मी म्हणाले. "रोज. अख्खा वर्ग. पण ऐकते मीच, बाकीच्यांचा काही दोष नाही."

आणि मग मला थांबताच येईना. भर बाजारात, रस्त्याच्या मधोमध, मी हात हँडलसारखे धरले आणि सरांची गाडी होऊन दाखवली. "पुलाच्या अलीकडं असं, टिकटिकटिक. पुलावर फळ्यांचा जोड लागतो, धडक्. मग तुम्ही तिसऱ्या गिअरमधून दुसरा टाकता, खट्! मग ती किंचाळते, ईंऽऽ, आणि वळणाच्या पुढं तिच्यावर ओझं आलं की खालून ठक्, ठक्, ठक्! वर सपाटीला तुम्ही रेसची मूठ सोडली की गप्प. एकदम गप्प! आणि सर, तुम्ही पुलाजवळच्या टपरीवर चहाला जाता तेव्हा थंड गाडी काढून जाता ना, तेव्हा परत चढताना नसतो. सकाळी बाईंना सोडून तापून आलेली असते तेव्हाच असतो!"

भाजीवाली बघत होती. बाबा टेप हातात घेऊन पायरीवर आले होते. चाचांचं तोंड उघडं होतं आणि आतलं पान दिसत होतं.

"तापल्यावर वाढतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"आन् मूठ सोडली की जातोय?"

"लगेच."

चाचांनी पान थुंकलं. "मास्तर, चावी द्या. ए पोरी, बस मागं."

बाईंच्या गादीवर पहिली मी बसले. चाचांनी आधी गाडी गावाबाहेर दौडवून चांगली तापवली, मग पुलावर आणली. चढाला त्यांनी दुसरा टाकलाच नाही, मुद्दाम तिसऱ्यातच ठेवून तिला दम काढायला लावला. वळणाच्या पुढं आला. ठक्. ठक्. ठक्. नुसता कानाला नाही, पायांना लागत होता. चाचांनी मूठ सोडली, गप्प. पिळली, ठक् ठक् ठक्.

त्यांनी तिथंच इंजिन बंद केलं. तो शहाणा माणूस गाडी ढकलत, घाम पुसत बाजारापर्यंत आला आणि मी मागून गादीला धरून ढकलत होते.

दुपारभर इंजिन उघडायचं काम चाललं. शेवटी चाचांनी क्रँकला जोडलेला दांडा दोन बोटांत धरला आणि वर-खाली हलवला. जो दांडा जागचा हलायला नको, तो सैल दातासारखा डुगडुगत होता.

"कनेक्टिंग रॉड," ते सरांना म्हणाले. "बेरिंग खल्लास. उद्या उतरताना काय झालं नसतं. पन येताना घाट चढताना तापली असती, आन् ह्यो तुटला असता. मागलं चाक जाम. बाईसाहेबांस्नी घेऊन..." त्यांनी पुढचं हातानंच दाखवलं. मग माझ्याकडं वळले. "टापेटनं झाकून ठेवला हुता ह्येला. मला वाटलं तेवढंच हाय. चुकलं माजं. पन मी चढावर कदी ऐकली न्हाई न्हवं!"

सरांनी तो दांडा स्वतः दोन बोटांनी हलवून बघितला. मी मनात विजूचे पाय मोडल्याचा आवाज ऐकत होते.

"सर," मी म्हणाले, "विजूला काही करू नका. नाच मीच कर म्हटलं होतं."

"खोटं बोलू नकोस. विजूला नाच म्हणायला कुणी लागत नाही." सरांनी चष्मा काढून पुसला. "मृदुला, त्या चढाला दुसरा गिअर लागतो का गं?"

मी विचार केला. चाचा आत्ताच तिसऱ्यात चढले होते. कुरकुरत, पण चढले होते.

"नाही सर."

"नाहीच लागत. मी टाकतो. तुम्हाला ऐकू यावं म्हणून."

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली.

"मला मारता येत नाही," सर खालच्या आवाजात म्हणाले, जणू हा त्यांचा आजार होता. "आणि डोळ्यांनी बघितलं की मारावं लागतं. मग बघायचंच कशाला? म्हणून दुसरा टाकायचा, मूठ पिळायची. तुमच्या आधीच्या बॅचलाही, त्यांच्या आधीच्याही. टापेट त्याचसाठी तर करून घेत नव्हतो!"

"या खुदा!" चाचा म्हणाले. "आन् मी गावभर सांगत फिरलो, मास्तर चिकट हाय म्हनून!"

आता कुठं मला तो व्हरांड्यातला खोकला कळला. आणि अजून एक कळलं. वर्षानुवर्षं विनाकारण किंचाळत चढून तो रॉड झिजला होता तो आमच्यासाठीच. तो आमच्या वह्यांसाठी आणि पोळीसाठी झिजला होता, विजूच्या नाचासाठीही.

सर आणि बाई डोहाळजेवणाला एस.टी.नं गेले. गादी घेऊन गेले, एस.टी.च्या सीटवर टाकायला. पुढं गाडीत नवा रॉड पडला, ती इतकी गुपचूप चालायला लागली की सरांनी तिला ट्रकचा भोंगा बसवला. पुलावर एकदा वाजवायचे. मुख्याध्यापकांनी विचारलं तर म्हणाले, "म्हशी असतात हो रस्त्यात." प्रणोतीनं मिसळ दिली, पण जादा पाव दिला नाही. नळाची शपथ मोडली म्हणून.

पण मला सांगायची आहे ती त्या शनिवारची संध्याकाळ. गॅरेज बंद करताना चाचांनी मला हाक मारली होती. "उद्या इतवार. मास्तरच्या गाडीचा खालचा भाग उघडायचाय. बघायचं आसलं तर ये. केस बांधून ये."

दुकानात बाबा फळ्या लावत होते. आई प्रणोतीच्या बाहीला हात-शिलाई घालत होती.

"अगं, हात धू आधी," ती म्हणाली. "आणि दप्तर भरून ठेव. उद्या गडहिंग्लजचा क्लास सुरू होतोय. लवकरची गाडी पकडायचीय."

तो क्लास डॉक्टर व्हायचा होता. नववीपासून. दर रविवारी. माझ्यासाठी पांढरा कोट कसा असेल, त्याचं कापड कोणतं, हेसुद्धा आईचं बाबांना विचारून झालं होतं.

मी हात धुतले नाहीत. तसेच काळे दोन्ही हात बाजूला ताठ पसरून मी आरशासमोर उभी राहिले, माप द्यायला गिऱ्हाईक उभं राहतं तशी.

"काय चाललंय हे?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही पुरुष असून ब्लाऊज शिवायला घेतले, तेव्हा आजोबा बोलत नव्हते ना तुमच्याशी?"

बाबांच्या हातातली फळी तिथंच थांबली. "त्याचं आत्ता काय?"

"आई, तूही ऐक. उद्या मी क्लासला जाणार नाही. पुढच्या रविवारीही नाही. रविवारी मी शौकतचाचांकडं इंजिनं उघडायला जाणार, शाळा सांभाळून, आणि बारावी झाली की गाड्यांचंच शिकणार. माझं ठरलंय. बोलणं बंद करायचं असेल तर करा, पण आधी मला गॅरेजात घालतात तशी एक डांगरी शिवून द्या. निळी. कापड जाड घ्या, खिसे मोठे ठेवा. आणि उजव्या पायाला एक लांब खिसा, पेचकस मावेल असा. घ्या बाबा, माप घ्या."